चपला, फ्लॉपी आणि पासवर्ड

गेल्या रविवारी सकाळी बऱ्याच दिवसांनी विद्यापीठात फिरायला गेलो होतो. वडाच्या पारंब्या, मोर ओरडल्याचा आवाज, आणि ट्रॅकसूट घालून तावातावाने राजकारणावर बोलणारे काका. सगळं जागच्या जागी होतं. एका इमारतीच्या पायरीवर दोन पोरी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. पायात बूट, हातात वडापाव, आणि महाजालाशी जोडणी सुरू! माझ्या पोटात उगाच कालवलं. कारण आमच्या वेळी कॉम्प्युटरसमोर जायचं तर आधी चपला बाहेर काढाव्या लागत.

खरंच सांगतो. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत कॉम्प्युटर लॅब म्हणजे देवघर होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत एसीचा गारठा आणि मशीनवर प्लॅस्टिकची आवरणं. धूळ आत येऊ नये हा त्यामागचा सरळ हेतू, पण आमच्या वर्गातल्या एका महाभागाची प्रामाणिक समजूत होती की व्हायरस चपलांतून येतो. :-) हसू नका. सुरक्षेबद्दलच्या आपल्या आजच्या किती समजुती याच जातीच्या आहेत, याचा विचार केलात तर हसू आपोआप मावळेल.

तर आजचा विषय हा: विद्यापीठाच्या आवारात कॉम्प्युटर आले, मग ते एकमेकांना जोडले गेले, आणि मग त्यांना कुलपं लागली. ती कुलपं का आणि कशी लागत गेली? विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत या. त्यात माझा एक जुना हिशेबही चुकता करायचाय.

आधी जागा बघू. गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत म्हणजे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. १९४९ साली तिथे पुणे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. (२०१४ पासून नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.) आवार ४११ एकरांचं. एवढ्या जागेला किती वाटा आणि किती फटी असतील ते तुम्हीच ठरवा. आणि विद्यापीठ हे मुळात लोकांनी यावं म्हणूनच असतं. बँकेला परका माणूस नको असतो, विद्यापीठाचं परक्या माणसाशिवाय चालत नाही. दरवर्षी हजारो नवे चेहरे येतात, तेवढेच जातात, पाहुणे प्राध्यापक येतात. इथल्या सुरक्षेची सगळी गोम या एका गोष्टीत आहे.

आता १९८८ हे साल लक्षात ठेवा. अमेरिका सुपरकॉम्प्युटर द्यायला का-कू करत होती, म्हणून आपला आपण बनवायला सी-डॅक स्थापन झालं, ते या आवारात. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्याच १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 'आयुका'ची स्थापना झाली, तीही याच आवारात. आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, तिकडे अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक छोटासा प्रोग्राम सोडून दिला. त्याच्याकडे नंतर येऊ.

कारण आपल्याकडे पहिलं संकट तारेतून आलं नाही, खिशातून आलं. फ्लॉपीतून.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला. (काय तो सज्जनपणा!) १९९० साली भारतात सापडला 'जोशी' व्हायरस. दरवर्षी ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि म्हणायचं, 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा. तेवढं टंकलं की पुढे चालू. पुण्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये निदान तीन जोशी असतात, तेव्हा संशयितांची यादी किती लांबली असेल बघा. हे दोन्ही व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये बसायचे. फ्लॉपी आत विसरून मशीन चालू केलं की व्हायरस मशीनमध्ये, आणि मग त्या मशीनमध्ये जाईल त्या प्रत्येक फ्लॉपीत. उपाय म्हणजे फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिता येत नाही. आणि दुसरा, अस्सल पुणेरी उपाय म्हणजे दारावर पाटी: 'बाहेरील फ्लॉपी आत आणू नये.' पाटीने माणसं थांबत नाहीत हे पुण्याला शेकडो वर्षं ठाऊक आहे, तरी पाटी लावायची हौस काही फिटत नाही.

पण याच पाटीच्या पलीकडे एक मोठी गोष्ट घडली. शिवाजीनगरच्या मॉडर्न कॉलेजात संजय काटकर नावाचा मुलगा कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. कॉलेजची मशीनं व्हायरसने सारखी बंद पडायची. त्याचा थोरला भाऊ कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याच्याकडेही दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसनेच आजारी असायची. धाकट्याने एकेका व्हायरससाठी एकेक सफाईचा प्रोग्राम लिहायला सुरुवात केली, थोरल्याने ते विकता येतील हे ओळखलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून 'क्विक हील' बाजारात आलं, आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. कॉलेजच्या लॅबमधला वैताग आणि पेठेतलं दुकान, यातून एक उद्योग उभा राहिला. पुण्याच्या आयटीचा इतिहास सांगताना आपण हिंजवडीपासून सुरुवात करतो. मला वाटतं ती मंगळवार पेठेपासून करावी.

आता तारेकडे वळू. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं सुरू केलं. पहिल्या आठात मुंबईचं एनसीएसटी, बंगलोरचं आयआयएससी, पाच आयआयटी आणि खुद्द ते खातं. (पुणे नाही! हा सल आहेच.) एनसीएसटीत या कामाची धुरा श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. सुरुवातीची रीत मजेशीर होती. एक मशीन मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावायचं, साठलेली पत्रं द्यायचं, तिकडची घ्यायचं आणि फोन ठेवून द्यायचं. मग ते दुसरं मशीन तिसऱ्याला फोन करायचं. थोडक्यात, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती गावाकडे डबा पाठवण्यातला प्रकार. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेला कायमची लाइन जोडली गेली, वेग ९.६ केबीपीएस. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्या लाइनवरून जायला तासभर सहज लागला असता. आणि त्यावर आख्ख्या देशातले संशोधक पत्रव्यवहार करत होते!

पुण्यात अर्नेटचं ठाणं होतं आयुकात. आवारातल्या आणि शहरातल्या संस्थांची पत्रं तिथून पुढे जात. सामान्य माणसासाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, त्याआधी पत्त्याच्या शेवटी 'अर्नेट डॉट इन' असणं म्हणजे जवळजवळ पदवीच होती. नारळीकरांच्या आयुकात पाच हजार मैलांवरून खगोलशास्त्राची चर्चा रोजच्या रोज चालायची, ती या तारेच्या जिवावर.

पण एसटीच्या डब्याची एक अट असते: ड्रायव्हर भला पाहिजे. हे सगळं जाळं अशाच भलेपणावर उभं होतं. पत्र कोणाच्या नावाने पाठवलंय याची तपासणी नाही. जो म्हणेल मी अमुक, तो अमुक. दूरच्या मशीनवर काम करायचं तर टेलनेट वापरायचं, आणि टेलनेट तुमचा पासवर्ड तारेवरून उघडाच पाठवतं, अगदी पोस्टकार्डासारखा. त्या काळच्या हबवर जोडलेल्या प्रत्येक मशीनला सगळ्यांचीच वाहतूक दिसायची. वाचायची नाही ही सभ्यता, एवढंच संरक्षण.

मॉरिसच्या प्रोग्रामने नेमक्या या सभ्यतेचा फायदा घेतला. पत्र पोचवणाऱ्या प्रोग्राममधली एक फट, सोपे पासवर्ड, आणि 'हे मशीन ओळखीचं आहे, येऊ द्या' असा मशीनमशीनमधला विश्वास. अंदाजे सहा हजार मशीनं आडवी झाली. पुढे १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी तारेवरून वाहणारे पासवर्ड गोळा केले. ते बघून तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने पासवर्ड उघडा पडणार नाही असं साधन लिहिलं, ते म्हणजे एसएसएच. आज ऑफिसात आपण दिवसातून दहा वेळा एसएसएच करतो, पण ते एका कॉलेजातल्या चोरीमुळे जन्माला आलं हे किती जणांना माहीत असतं? आणि जून १९९८ मध्ये, पोखरणच्या चाचण्यांनंतर काही आठवड्यांतच, परदेशी पोरांची एक टोळी आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मशीनमध्ये शिरली. विशीही न गाठलेली पोरं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्ही त्याबद्दल बोललो ते, खोटं कशाला सांगू, कौतुकाने बोललो.

आता माझा हिशेब.

फेब्रुवारी १९९९. मी शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव नको. लॅबमध्ये एक सर्व्हर, त्याला जोडलेली वीसेक टर्मिनलं. सगळ्या प्रोजेक्टवाल्यांना मिळून एकच लॉगिन, एकच पासवर्ड, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला. दाराशी वही. आत जाताना चपला काढायच्या आणि वहीत नाव, वेळ, टर्मिनल नंबर लिहायचा. मी जरा हुशार समजला जायचो, त्यामुळे लॅब सांभाळणाऱ्यांनी मला सुपरयूझरचा पासवर्ड कानात सांगून ठेवला होता. 'काही अडलं तर बघत जा रे.' मी फुशारून गेलो होतो.

एका शनिवारी दुपारी एका ग्रुपचं प्रोजेक्ट पुसलं गेलं. चार महिन्यांचं काम. हे लक्षात आलं सोमवारी. डिरेक्टरीवरची वेळ होती शनिवार, दुपारी पावणेतीन. वहीत त्या वेळेला पाच नावं होती, आणि टर्मिनल नंबर सातसमोर नाव होतं माझ्या मित्राचं. आदल्या आठवड्यात त्याचं आणि त्या ग्रुपमधल्या एकाचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. झालं! चौकशी दहा मिनिटांत आटोपली. त्याला लॅब बंद, आणि त्या वर्षीच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला बसायची परवानगी नाही. तो म्हणत राहिला, मी नाही केलं. सिद्ध कसं करणार? लॉगिन सगळ्यांचं एकच. मशीनच्या लेखी आम्ही साठ जण म्हणजे एकच माणूस होतो.

पण मशीनकडे एक साक्ष होती. युनिक्स कुठल्या टर्मिनलवरून कधी कोण आत आलं याची नोंद आपणहून एका फाइलमध्ये करत असतं. नाव एकच असलं तरी टर्मिनल वेगवेगळी दिसली असती. वहीत सही न करता त्या वेळी आणखी कोणी बसलं होतं का, तेही दिसलं असतं. आणि आमच्या सर्व्हरवर कुठल्या टर्मिनलवरून कुठली आज्ञा दिली गेली याचीही नोंद ठेवणं चालू होतं. फक्त, शनिवारी संध्याकाळी डिस्क भरत आली होती. मी 'बघत' होतो ना? जागा करायला मी त्या दोन्ही नोंदींच्या फाइली रिकाम्या केल्या होत्या. दोन ओळी टंकल्या, पंधरा सेकंद लागले, आणि आपण किती उपयोगी आहोत असं वाटून घरी गेलो.

सोमवारी सरांनी सगळ्यांना विचारलं, कोणाला काही माहीत आहे का? मी गप्प बसलो. बोललो असतो तर सुपरयूझरचा पासवर्ड माझ्याकडे कसा, हे निघालं असतं. ज्यांनी तो दिला त्यांची नोकरी, माझं इंटरव्ह्यूचं पत्र, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. 'नोंद होती, ती माझ्या हातून गेली, म्हणून याला दोषी धरता येत नाही' एवढं एक वाक्य होतं. ते मी गिळलं. प्रोजेक्ट कोणी पुसलं ते आजतागायत कळलेलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी क्लिफर्ड स्टॉलचं 'द कुकूज एग' हे पुस्तक हाती आलं. १९८६ साली बर्कलेच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येतो, आणि या बाबाजीला तो सोडवत नाही. माग काढत काढत तो पोचतो जर्मनीतल्या एका घुसखोरापर्यंत, जो माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत असतो. सगळ्यांना आठवतो तो पाठलाग. मला आठवतात ते प्रिंटर. आत शिरलेला माणूस मशीनमधल्या नोंदी पुसू शकतो, म्हणून स्टॉलने येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले. प्रत्येक अक्षर कागदावर. कागद मात्र दुरून पुसता येत नाही. ते पान वाचताना मी लोकलमध्ये होतो, आणि माझं स्टेशन मागे गेलेलं मला कळलं नाही.

त्या दिवसापासून सुरक्षा या शब्दाचा माझा अर्थ बदलला. आपण समजतो की सुरक्षा म्हणजे चोराला बाहेर ठेवणं. ते आहेच. पण चोर नसलेल्याला 'मी तो नव्हे' असं म्हणता येणं, आणि ते सिद्ध करता येणं, हाही सुरक्षेचाच भाग आहे. आमच्या लॅबमध्ये चपलांवर नियम होता, फ्लॉपीवर नियम होता. निरपराध माणसासाठी मात्र काहीच नव्हतं.

कायदा हळूहळू आला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याआधी दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणं हा नेमका कुठला गुन्हा, यावरच वकील डोकं खाजवत. सर्ट-इन जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिने आदेश काढला की संस्थांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सांभाळून ठेवायच्या. मी पंधरा सेकंदांत उडवलेली ती गोष्ट आता १८० दिवस! ऑफिसात लोक या आदेशाला नाकं मुरडत होते, स्टोरेजचा खर्च वाढतो म्हणून. मी त्या बैठकीत काही बोललो नाही.

आणि हे काही कागदी खूळ नाही. विद्यापीठातून गणेशखिंड रस्त्याला लागलं की कॉसमॉस बँकेचं मुख्यालय आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून जवळपास ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक परदेशातल्या एटीएममधून, दोन-तीन दिवसांत. चोरांनी बँकेच्या व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेचा तोतया उभा केला होता, तो सगळ्याला 'हो' म्हणत होता. पुण्याला तोतया नवा नाही (पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आलाच होता की!). तेव्हाही प्रश्न हाच होता: जो म्हणतो मी अमुक, तो खरंच अमुक आहे का?

पण एक दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख संपवणं अप्रामाणिक होईल. नोंद दुधारी असते. अमेरिकेत एमआयटीच्या जाळ्यावरून ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने २०१०-११ मध्ये लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. एमआयटीचं जाळं पाहुण्यांनाही खुलं होतं. त्याच्यावर सरकारने असे खटले भरले की जन्म तुरुंगात जावा. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने स्वतःला संपवलं. नोंदी तिथेही चोख होत्या. कोणी काय केलं हे नोंद सांगते. त्याला किती शिक्षा करावी ते माणसांनाच ठरवावं लागतं, आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

मग उघडं दार आणि नोंद यांचा मेळ बसतो का? मला एक उदाहरण आवडतं: 'एड्युरोम'. २००२ साली युरोपातल्या विद्यापीठांतून निघालेली कल्पना, भारतात ती अर्नेटच चालवतं. समजा कोल्हापूरची प्राध्यापिका दुसऱ्या शहरातल्या आवारात गेली, आणि दोन्ही संस्था या योजनेत आहेत. तिचा फोन आपणहून जोडला जातो. यजमान तिचा पासवर्ड बघत नाही, तो तिच्या घरच्या संस्थेला विचारतो, 'ही तुमचीच का?' घरून 'हो' आलं की दार उघडतं. जुन्या काळी पाहुणा गावी गेला की विचारायचे, 'कुणाकडचे तुम्ही?' तोच प्रकार. ओळख पटते, पाहुण्याची झडती होत नाही, आणि फळ्यावर पासवर्ड लिहावा लागत नाही.

मित्राला मी ही गोष्ट सांगितली, पण बारा वर्षांनी. तोवर त्याचं बरं चाललं होतं, पहिली दोन वर्षं सोडून. त्या दोन वर्षांत त्याने एका दुकानात मशीनं जुळवायचं काम केलं, आणि घरी रोज एकच प्रश्न ऐकला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर दोघं घरी बसलो असतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण एकटा तरी नसतो बसलो."

यावर काय बोलणार?

ऑफिसात मला खडूस म्हणतात ते माहीत आहे. टीमला एकच लॉगिन दिलं की मी अडवतो. डिस्क भरली म्हणून कोणी नोंदी उडवायला निघालं की आधी दुसरीकडे उतरवून घ्यायला लावतो. परवा एक नवी पोरगी वैतागून म्हणाली, "सर, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे. म्हणूनच."

तिला ते कळलं नाही. असो. कधीतरी हा लेख तिला वाचायला देईन.